पाटीचं वजन

यमुना तोरस्करचा डावा गुडघा काळवशी बंदराच्या मधल्या पट्टीवर फुटला. फोडणाऱ्या गार्डचं तिच्याशी काही वैर नव्हतं. त्याला हुकमाप्रमाणे पट्टी रिकामी करायची होती, आणि हुकूम यमुनाच्याच लेकीचा होता.

गार्ड आले तेव्हा पट्टीवर आठ बायका जवळा सुकत घालून बसल्या होत्या. पहिली पाटी लाथेने समुद्रात गेली. दुसरी गेली. तिसरी सुंदरा खवळेची होती. सुंदराने बाजूचा धोंडा उचलला आणि लाथ मारणाऱ्याच्या कपाळात घातला. तो बसल्या जागी आडवा झाला, रक्त जवळ्यावर सांडलं आणि मग लाठ्या सुरू झाल्या. डोकं, पाठ, हात, जे समोर येईल ते. यमुना आपल्या पाटीला मिठी मारून बसली आणि "पाटयेक हात लाव नको" एवढंच म्हणत राहिली. तिच्या एकाच गुडघ्यावर दोन लाठ्या बसल्या.

हेमांगी तोरस्कर, बंदराची अभियंता, हे सगळं कंट्रोल रूमच्या पडद्यावर बघत होती. ती धावत खाली पोचली तेव्हा मारामारी संपली होती. आईचा पाय नको त्या बाजूला वळला होता.

"तूच सांगलंस मां ह्यांका?" आईने विचारलं.

हेमांगीला खोटं बोलता आलं नाही.

पंचाईत अशी, की हुकूम बरोबर होता. काळवशीचं बंदर भरावावर उभं आहे. खाडीच्या तोंडाची वाळू उपसून ओतली आणि त्यावर जमीन तयार केली. पाण्याने भरलेल्या अशा वाळूचा एक दुर्गुण असतो. भूकंपाने ती हादरली की कणांमधलं पाणी दाबाखाली येतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि घट्ट दिसणारी जमीन काही सेकंदांपुरती चक्क पेज होते. वर क्रेन असो की गोदाम, ते त्या पेजेत बुडतं. त्यावर उपाय म्हणून काळवशीच्या वाळूत जिवाणू सोडले होते. त्यांना युरिया आणि कॅल्शियमचं पाणी पाजलं की ते कणाकणाच्या सांध्यात चुनखडी धरतात आणि वाळूचा दगड होतो. ज्या कामाला निसर्गाला हजारो वर्षं लागतात, ते जिवाणूंनी दोन महिन्यांत उरकलं. सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली.

मात्र जिवाणू थांबले नाहीत. खाडीतून झिरपणाऱ्या पाण्यात त्यांना खायला मिळत राहिलं आणि सात वर्षांत भराव अपेक्षेपेक्षा चौपट कडक झाला. आता त्याची पेज होणार नव्हती. मोठा भूकंप आलाच, तर तो एकसंध कातळासारखा समुद्राकडे सरकणार होता, आणि त्याच्या समोर खांबांवर उभा होता धक्का. धक्क्यावर अमोनियाचा पाइप होता, कारण आताशा मोठी जहाजं डिझेल सोडून अमोनियावर चालायला लागली होती. तो पाइप फुटला तर ढग वाऱ्याबरोबर जाणार, आणि काळवशीत दिवसा वारा समुद्राकडून गावाकडे वाहतो. गावात चार हजार माणसं. त्या ढगात श्वास घेतला की फुप्फुसं आतून भाजतात.

म्हणून हेमांगीने भराव आणि धक्का यांच्यामध्ये ही पट्टी बसवली होती. नव्वद मीटर लांब, बारा मीटर रुंद, काँक्रीटच्या पंधरा लाद्या, पोलादी खिळ्यांवर टेकलेल्या. दोन्ही टोकांच्या लाद्यांवरून गाड्या जायच्या, मधल्या मोकळ्या असायच्या. भूकंपाची पहिली लाट वेगवान पण हलकी असते. मोडतोड करणारी लाट तिच्या मागून येते. समुद्रतळावरचे सेन्सर पहिली लाट ओळखणार, आणि दुसरी पोचायच्या आत यंत्र खिळे ओढून सगळ्या लाद्या पाण्यात सोडून देणार. भरावाला सरकायला जागा मिळाली की धक्का वाचला. पट्टी जागेवर राहिली, तर तीच घणासारखी धक्क्यावर बसणार.

अर्थात पट्टीवर माणूस असेल तर ती सोडता येणार नव्हती. लाद्यांखाली वजन आणि पावलांची धडधड टिपणारे सेन्सर होते. त्यांना माणूस जाणवला की खिळे सुटत नसत. पण यंत्राला सुकत घातलेला जवळा आणि बसलेली बाई यांतला फरक कळेना. पाचशे किलो मासळी पसरली की यंत्र दिवसभर माणसं आहेत म्हणून अडून बसायचं. बायकांना हाकलावं, तर गावची किनाऱ्यावरची पुळण कधीच भरावाखाली गेली होती. मासळी घालायला ऊन लागणारी दुसरी सपाट जागा काळवशीत उरली नव्हती.

हा पेच आईने सोडवला, इस्पितळात प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या.

"बाजारात मी काय करतंय?" तिने विचारलं. "आधी रिकामी पाटी काट्यार ठेवतंय. मगे..." आणि तिने तळहात पालथा करून हवेत आडवा फिरवला, ओट्यावरचं पाणी निपटावं तसा. मासळीबाजारातली ही तिची खूण सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होती. पाटीचं वजन वजा झालं, आता काटा शून्यावर, पुढे भरेल ती फक्त मासळी.

हेमांगीने तेच केलं. रोज सकाळी आठ वाजता मासळी पसरून झाली की सगळ्या बायका पट्टीवरून खाली उतरत. ती कंट्रोल रूममधून वजावटीचं बटण दाबी, यंत्र तेवढं वजन शून्य धरी, मग बायका परत चढत. आता यंत्राला बाई वेगळी कळायची. भोंगा झाला की बायका पळतील, पट्टी रिकामी होईल, खिळे सुटतील. पुन्हा डोकी फुटायला नकोत म्हणून बंदरवाल्यांनीही मान डोलावली.

सहा महिन्यांनी आई पट्टीवर परत आली. पाय दांड्यासारखा ताठ झाला होता. दोघींनी धरून तिला नवव्या लादीच्या मधोमध बसवलं, हातात मासळी परतायचं लांब दांड्याचं दाताळं दिलं. आठ वाजले. बाकीच्या उतरल्या.

"आये, खाली उतर," हेमांगी माइकवर म्हणाली.

आईने कॅमेऱ्याच्या खांबाकडे मान वळवली. "माका उठूक जमणा नाय. माका पाटयेत धर नि मोकळी हो."

काठावर उभ्या बायका हसल्या. हेमांगीचं बोट बटणावर तसंच थांबलं. तो गुडघा तिच्या हुकमाने गेला होता. त्या गुडघ्यावर ऊठ म्हणून आईला कुठल्या तोंडाने सांगायचं, हे तिला कळेना. फक्त आजच्यापुरतं, असं मनाशी म्हणत तिने बटण दाबलं.

आजच्यापुरतं दोन वर्षं चाललं. रोज सकाळी यंत्र तिच्या आईला मासळीत धरत होतं, आणि ही गोष्ट जगात दोघींनाच नीट कळत होती. हेमांगीने एकदा जेवताना तिला समजावूनही सांगितलं.

"यंत्र तुका मासळी समाजता, आये. तू हाललंस नाय, तर त्याच्या लेखी तू थय नायच."

"मगे भूकंप इलो तर?"

"मी आसंय मां. माझ्याकडे पकड आसा. मी ती दाबलंय काय एकव लादी पडाची नाय."

आईने भातावर कढी ओतून घेतली. "आणि मगे तो पायप?"

हेमांगीने तिला आणखी भात वाढला.

त्या मंगळवारी धक्क्याला अमोनियाचं जहाज लागलं होतं. धक्क्यावर एकतीस माणसं होती. आठ वाजता बायका उतरल्या, आई बसून राहिली.

"आज तरी घरी जा, आये. जहाज लागला हा."

"जहाज काय माझ्या डोक्यार लागला हा? दाब बटण. ऊन चढता."

हेमांगीने बटण दाबलं. वजावट चारशे एकतीस किलो. पडद्यावर अक्षरं आली: पट्टी रिकामी. मग सात बायका वर चढल्या आणि अक्षरं बदलली: माणसं सात.

दहा वाजून सतरा मिनिटांनी भोंगा झाला.

तो सरावाचा नाही हे हेमांगीला पहिल्या क्षणी कळलं, कारण पश्चिमेच्या तिन्ही सेन्सरांचे दिवे एकदम लाल झाले होते. किनाऱ्यापासून एकशे दहा किलोमीटरवर समुद्रतळाखालची भेग तुटली होती. पडद्यावर आकडा आला, बावीस. बावीस सेकंदांत मोठी लाट पोचणार, आणि चार उरले असताना खिळे सुटणार. त्या क्षणी पट्टीवर माणूस असेल तर सुटणार नाहीत.

शेजारच्या खुर्चीत लॉरेन्स डिसोजा बसायचा. त्याने जहाजाचा पंप बंद केला आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागला. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

बायका पळत होत्या. ओल्या जवळ्यावरून घसरत, गुडघ्यांवर पडत, एकमेकींच्या पाठीवर हात टाकत त्या भरावाच्या काठाकडे धावल्या. माणसं सात. पाच. तीन. आकडा सतरावर आला तेव्हा आईनेही दाताळ्याचा आधार घेतला आणि चांगल्या पायावर अंग उचललं. तिला असं एकटीने उठताना हेमांगीने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ताठ पाय फरफटत तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि पडली. काठ अजून पाच मीटर लांब होता.

पडद्यावर अक्षरं होती: माणसं एक.

"तेरा," लॉरेन्स म्हणाला. त्याने पडदा पाहिला, मग कॅमेरा पाहिला. "हेमांगी, ती यमूबाय मां?"

हेमांगीचं बोट पकडीच्या लाल बटणावर गेलं होतं. पकड न दाबताही आई हलत राहिली तर खिळे सुटणार नव्हते. आणि खिळे सुटले नाहीत तर पट्टी, धक्का, पाइप, ढग. शाळेत या वेळी मधली सुट्टी असते. हे सगळं तिच्या डोक्यात एकदम होतं, त्यासाठी वेळ लागला नाही.

सुंदरा खवळे काठावरून परत फिरली. पट्टीवर धावत जाऊन तिने यमुनाच्या काखेत हात घातला. माणसं दोन.

"उठ गो यमू. हात दी."

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती काठाकडे पाहत होती, पाच मीटर जवळ्याकडे पाहत होती, आणि बाजारात समोरच्या पाटीत किती भरेल हे जसं तिला नजरेने कळायचं तसं तिला कळलं असावं. तिने दाताळं उचललं आणि आपल्या मैत्रिणीच्या मनगटावर सगळ्या ताकदीने हाणलं. हाड मोडल्याचा आवाज खांबावरच्या माइकमधून आला.

"चल जा," ती म्हणाली. "पाय वाजव नको हय."

सुंदरा कळवळली, मागे सरली. आईने दुसऱ्यांदा दाताळं उगारलं तेव्हा ती पळाली. माणसं एक, पण पावलं थांबली होती.

"सात," लॉरेन्स म्हणाला.

आई तिथेच सरळ होऊन बसली. ताठ पाय पुढे, दाताळं मांडीवर. ती अगदी हलेनाशी झाली. यंत्राने तिची दोन सेकंद वाट पाहिली. मग पडद्यावर अक्षरं आली: पट्टी रिकामी.

लाल बटण हेमांगीच्या बोटाखाली होतं. नुसतं दाबायचं होतं. शब्द दिला होता तिने, जेवताना, भात वाढता वाढता.

आईने कॅमेऱ्याच्या खांबाकडे मान वर केली. तळहात पालथा करून हवेत आडवा फिरवला, ओट्यावरचं पाणी निपटावं तसा.

हेमांगीने बोट उचललं.

खिळे सुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. पंधराही लाद्या एकदम गेल्या. आई बसल्या बसल्या खाली गेली, आणि तिच्या जागी पाण्याची भिंत वर आली, जवळ्याने गढूळलेली.

मग भूकंपाची मोठी लाट पोचली. कंट्रोल रूमच्या काचा आत फुटल्या. हेमांगी खुर्चीसकट भिंतीवर आदळली, लॉरेन्सच्या पाठीवर छताचा पत्रा कोसळला. फुटलेल्या चौकटीतून तिला दिसलं, की अख्खा भराव, गोदामांसकट, रस्त्यासकट, ट्रकांसकट, समुद्राकडे सरकतोय. मीटर, दीड मीटर. मोकळ्या झालेल्या खाचेत तो घुसला, पाणी उंच उडालं. पुढे आदळायला काही नव्हतं. धक्का खांबांवर एकटाच झुलत होता, झाडावर चढलेल्याने फांदी हलवावी तसा. टोकाची क्रेन गुडघ्यात वाकली आणि जहाजाच्या नाकावर पडली. जहाजाचा एक दोर ताणून ताणून तुटला, सुटं टोक धक्क्यावरून आडवं फिरलं. तिथे दोन खलाशी उभे होते. दोर गेल्यावर त्यांतला कोणी उभा नव्हता. एकाचं धड कमरेतून दुमडून कठड्यावर लोंबत होतं. पाइप वाकला, करकरला, त्याचा एक सांधा फिरला.

पाइप टिकला.

हादरे थांबले तेव्हा हेमांगीच्या कपाळातून रक्त वाहत होतं. ती जिन्यावरून बसत बसत खाली उतरली. खाचेच्या काठावर सुंदरा मोडका हात छातीशी धरून उभी होती आणि पाण्याकडे पाहत होती. पाण्यावर जवळा तरंगत होता, रिकाम्या पाट्या तरंगत होत्या. हेमांगी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही, किळस आली, स्वतःची, आपण बांधलेल्या त्या बिनचूक वस्तूची.

नऊ दिवस पाणबुडे उतरत होते. लाद्यांचा ढीग भरावाच्या कड्याखाली चिणला गेला होता. आईचं शव मिळालं नाही.

चौकशी समिती महिन्याभराने बसली, गावच्या शाळेच्या सभागृहात. तिघेजण होते. अध्यक्ष निवृत्त अभियंता, सभ्य गृहस्थ. त्यांनी यंत्राची नोंद वाचून दाखवली. अशी पट्टी भूकंपात वेळेवर सुटण्याची ही पहिलीच खेप, चार हजार माणसं वाचली, इतर बंदरांनी हा आराखडा उचलावा, अशी शिफारस ते करणार होते.

"मृत दोन," ते म्हणाले. "दोघेही खलाशी. खिळे सुटले तेव्हा पट्टी रिकामी होती."

"नव्हती," हेमांगी म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या आई बेपत्ता आहेत, आम्हाला फार वाईट वाटतं. पण यंत्राची नोंद स्पष्ट आहे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काचांबरोबर गेलं. डिसोजा अजून बोलण्याच्या अवस्थेत नाहीत. साक्षीदार म्हणाल तर बाकीच्या बायका आणि या बाई," त्यांनी सुंदराकडे पाहिलं, "त्या घाबरलेल्या होत्या."

सुंदराने प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवला. "ह्यो भियान मोडलो काय?"

हेमांगीने कागद पुढे केला. त्या पहाटे सातही बायकांची आणि यमुनाची मासळी मच्छीमार सोसायटीच्या काट्यावर मोजली गेली होती. आठही चिठ्ठ्या तिने गोळा केल्या होत्या. पट्टीवर गेलेली सगळी मासळी मिळून तीनशे त्र्याहत्तर किलो. सकाळी आठ वाजताची वजावट चारशे एकतीस.

अध्यक्षांनी दोनदा वजाबाकी केली. "अठ्ठावन्न किलो जास्त. पाट्या असतील."

"पाट्या काठावर काढून ठेवतात. हा आकडा दोन वर्षं रोज येतोय, तुम्ही मागच्या नोंदी काढा. दिवाळीनंतर साठ असतो." तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "यंत्र चुकलं नाही. त्याला मी रोज सांगत होते, की ही माणूस नाही."

बाहेर मधली सुट्टी झाली होती, पोरं ओरडत होती.

"आणि त्या दिवशी?" अध्यक्षांनी हळूच विचारलं. "तुम्हाला त्या दिसत होत्या?"

"हो."

"तुमच्याकडे पकड होती."

"बोट होतं त्यावर."

"मग दाबली का नाहीत?"

गाव, पाइप, पोरं, सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही सांगितलं तर ते आपल्याला वाचवण्यासाठी सांगितल्यासारखं वाटणार होतं. शेवटी तिने उजवा हात वर केला. तळहात पालथा केला आणि हवेत आडवा फिरवला.

अध्यक्षांना काही कळलं नाही. त्यांनी सुंदराकडे पाहिलं. सुंदरा खुर्चीत पुढे वाकून, मोडका हात पोटाशी घेऊन, पहिल्यांदाच हुंदके देत होती.

त्यांनी पेन उघडलं. अहवालात मृतांपुढचा दोनचा आकडा खोडून तीन केला आणि विचारलं, "नाव?"

"यमुना," हेमांगी म्हणाली. "वजन लिहू नका."